उत्तरवाहिनी

आत्या दरवर्षी चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा करते. मी फोर्ट सिम्प्सनला राहायला आले तेव्हा तिने फोनवर पहिलं विचारलं, "तिथे नदी आहे का गं?" म्हटलं, "आहे. आणि उत्तरवाहिनी आहे!"

ही मॅकेन्झी. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या ग्रेट स्लेव्ह लेकमधून निघते आणि 1,738 किलोमीटर वाहून आर्क्टिक महासागराच्या बोफर्ट समुद्राला मिळते. गोदावरीपेक्षा लांब. तळ्याच्या वरच्या स्लेव्ह, पीस, फिनले या नद्या धरल्या तर 4,241 किलोमीटर. तिचं खोरं सुमारे 18 लाख चौरस किलोमीटरचं. त्यात जवळजवळ सहा महाराष्ट्र मावतील. अलेक्झांडर मॅकेन्झी 1789 साली पॅसिफिकची वाट शोधत या पाण्यावरून गेला आणि आर्क्टिकला पोचला, म्हणून नकाशावर त्याचं नाव. इथले डेने लोक तिला डेह चो म्हणतात, म्हणजे मोठी नदी. मला हेच नाव आवडतं, कारण काठावर उभं राहिलं की दुसरं काही सुचतच नाही.

आमचं गाव एका बेटावर, लिअर्ड नदीच्या संगमाशी. तळ्यात गाळ खाली बसलेला असतो, त्यामुळे मॅकेन्झी नितळ येते. लिअर्ड मात्र डोंगरातली माती घेऊन येते, आपल्या पावसाळ्यातल्या नदीसारखी गढूळ. संगमानंतरही दोन्ही पाणी कितीतरी लांबपर्यंत शेजारी शेजारी वाहतं, मिसळत नाही. उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी ती रेघ बघायला जाते.

पण या नदीची खरी ओळख मे महिन्यात होते. हिवाळाभर ती गोठलेली असते, लिअर्डवरून गाड्या जातात. मग ऊन चढतं आणि बर्फाचा रस्ता बंद होतो. फेरीबोट सुरू व्हायला वेळ असतो, तोवर गावाचा रस्ता तुटलेला. डाळ-तांदूळ, पोहे, कणीक आधीच भरून ठेवायचं. लिअर्ड दक्षिणेला ब्रिटिश कोलंबियातून वळसा घालून येते. तिकडे वसंत आधी येतो, तिचं बर्फ आधी फुटतं आणि ते पाणी गोठलेल्या मॅकेन्झीवर येऊन आदळतं. पुढे उत्तरेला सगळं घट्ट असतं. पाण्याने जायचं कुठे? बर्फाचे तुकडे अडकून बांध तयार होतो आणि पाणी मागे चढतं. 2021 च्या मे महिन्यात असंच पाणी गावात शिरलं, लोकांना घरं सोडावी लागली. ज्यांनी ते पाहिलंय ते आजही मे लागला की काठावर फेऱ्या मारतात, रात्रीसुद्धा.

उलट संकटही आहे. 2024 साली पाणी इतकं उतरलं, की खालच्या अंगाच्या नॉर्मन वेल्सला मालाच्या बार्ज जाऊ शकल्या नाहीत. इंधन विमानाने न्यावं लागलं. बारमाही रस्ता नसलेल्या गावाला नदी आटणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

यंदा बर्फ फुटलं तेव्हा मी काठावरच होते. आधी लांबून गडगडाट, मग खोलीएवढ्या लाद्या एकमेकींवर चढत निघाल्या. आत्याला व्हिडिओ पाठवला. तिने आवाज मोठा करून पुन्हा पुन्हा ऐकला आणि विचारलं, "समुद्राला कधी पोचेल गं ही?"

म्हटलं, "खाली त्रिभुज प्रदेशात इनुविकला जूनच्या सुमारास बर्फ फुटतं. त्यानंतर."

"मग तेव्हा सांग," म्हणाली. "मी त्या दिवशी इथून नमस्कार करीन."