केपे व्हॅलीतली भर दुपार: ४३ अंशांतला गांजा आणि आपली केळी

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की बागेचं काय होतं, ते दरवर्षी सोसतो. जुलै २०२४ मध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियात डेव्हिसला गेलो, तेव्हा तिथेही उष्णतेची लाट होती. ६ जुलैला उत्तरेकडच्या रेडिंगमध्ये ११९ फॅरनहाइट, म्हणजे ४८ अंशांच्या वर नोंद झाली. अशा उन्हात तिथले लोक उघड्या रानात गांजा पिकवतात, परवाना काढून, असं लेकीनं सांगितलं. मला ते पीक घ्यायचं नव्हतं. झाड उन्हात टिकतं कसं, एवढंच पाहायचं होतं.

आधी कायद्याचं बोलतो, कारण मागून जाणाऱ्यांचं खरं नुकसान इथेच होऊ शकतं. कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानानं २१ वर्षांवरच्यांना गांजाची मुभा मिळाली आणि १ जानेवारी २०१८ पासून दुकानांत विक्री सुरू झाली. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो आजही गुन्हाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात. राज्यात चालतं म्हणून ओढला, विकत घेतला किंवा अशा शेतावर मजुरी केली, तर पुढे कागद अडतात; नागरिकत्वाच्या अर्जाबाबत तिथल्या नागरिकत्व खात्यानं २०१९ मध्ये हे लेखी स्पष्ट केलंय. माझा पर्यटक व्हिसा. आम्ही आधी वकिलाला विचारलं. त्यांनी सांगितलं: बघा, पण हात लावू नका, घेऊ नका, फोटो काढू नका. मी तेवढंच केलं. तिथून बी किंवा पान आणायचा विचारही करू नका. आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे आणि विनापरवाना एक झाड लावणंही गुन्हा आहे.

डेव्हिसहून वुडलंड, तिथून सोळा नंबरचा रस्ता धरून एस्पार्टो, केपे, गिंडा; हीच केपे व्हॅली. साधारण तासाभराची वाट. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा, शेजारून कॅश क्रीक नावाचा ओढा. पेट्रोल एस्पार्टोतच भरा. आम्ही डेव्हिसहून निघालो दहाला. ही चूक झाली, सहाला निघायला हवं होतं. पोचलो तेव्हा गाडीत ११० दिसत होतं, म्हणजे ४३ अंश.

शेताची मालकीण साठीची बाई, हात माझ्यासारखेच चिरलेले. फाटकावर वय तपासलं, नावं लिहून घेतली. प्रत्येक झाडाला नंबरचा टॅग. सरकारदरबारी त्याचा हिशोब द्यावा लागतो. झाडं माझ्या छातीइतकी, अजून फुलोऱ्याला आली नव्हती. दिवस लहान व्हायला लागले की फुलोरा धरतो.

वरची पानं कडेनं वळून पन्हळीसारखी झाली होती. मी म्हणालो, पाणी सोडा. तिनं मान हलवली आणि ठिबकच्या नळीचं टोक उघडून मला हात धरायला लावला. चटकाच बसला. दुपारभर उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी चहासारखं तापलेलं, आणि तेच आपण मुळाशी सोडतो! माझ्याकडे लोडशेडिंगच्या वेळापत्रकानं कित्येकदा दुपारी एकला मोटर लागते. पान वळलं म्हणजे झाड तहानलेलंच असतं असं नाही, ते ऊन चुकवत असतं. खाली वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, असेल तर संध्याकाळी सरळ होतं. पहाटेपर्यंत सरळ झालं नाही, तर मात्र पाणी कमी पडलंय. तिचं पाणी पहाटे तीनला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत संपतं.

मग तिनं ओळीतलं गव्हाचं काड बाजूला सारलं. हाताच्या पंज्याएवढा थर. खालची माती ओली, गार, आणि तिच्यात पांढऱ्या मुळ्या अगदी वरपर्यंत आलेल्या. तिनं खुपसलेल्या थर्मामीटरवर ३० होतं. दोन पावलांवरच्या उघड्या मातीत ५६. एकाच रानात! शेजारी काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांची एक रांग होती, तिची पश्चिमेकडची झाडं पिवळी पडली होती. कुंडीची भिंत तापली की त्या बाजूच्या मुळ्या शिजतात. पुढच्या वर्षी सगळं जमिनीत लावणार, म्हणाली.

पांढरी सावलीची जाळी होती, पण ती फक्त लाटेच्या दिवसांत ओढतात. कायम ठेवली तर झाड उंच, लेचंपेचं होतं. लाटेत छाटणी नाही, पुनर्लागवड नाही, तेलाची फवारणी तर नाहीच, पान भाजतं. खताचं पाणीही पातळ करते, कारण उन्हात झाड पाणी भराभर ओढतं आणि क्षार मुळाशी साचतात. कोरड्या उन्हात तिचाही मोठा शत्रू लाल कोळीच, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. पानाच्या खालच्या बाजूला रोज भिंग लावून बघते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते रात्रीचं. तिथे दिवसा ४३ असलं तरी हवा कोरडी, पहाटे गारवा येतो आणि झाड सावरतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रही तापलेली असते, झाडाला उसंत मिळत नाही. म्हणून तिचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. पण आच्छादन आणि पहाटेचं पाणी आपल्याला तिच्याहून जास्त गरजेचं आहे, असं माझं ठाम मत झालं. शेवरीचं कुंपण आपण वाऱ्यासाठी लावतोच. आता पश्चिमेची बाजू मी दुहेरी करणार आहे.

जाणाऱ्यांनी माणशी चार लिटर पाणी घ्या, आणि पिशवीत मीठ-साखर ठेवा. तिथे ३५ अंशांच्या वर शेतमजुराला दर दोन तासांनी दहा मिनिटं सावलीत बसवणं मालकाला बंधनकारक आहे. आम्ही होतो तोवर दोनदा सगळे बदामाखाली जाऊन बसले. मालकीणही बसली. आपल्या घड कापणाऱ्या माणसांना मे महिन्यात कोण बसवतं?

परत येताना गाडीतूनच पुतण्याला फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे साडेतीन वाजले होते. झोपेतच म्हणाला, "काका, काय झालं?" म्हटलं, केळीची वाळलेली पानं यंदा जाळू नकोस, ओळीत पसरून ठेव.