१५० मिनिटांचं लग्न एका डीव्हीडीत

चुलत बहिणीचं लग्न मिनीडीव्ही टेपांवर (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल कॅसेटींवर) होतं. टेपा संगणकावर उतरवल्या की तासाला साधारण १३ जीबी जागा खातात. नको ते काढून टाकल्यावर १५० मिनिटं उरली. काकांचा हट्ट एवढाच, की सगळं एकाच डिस्कवर हवं. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क हा सोपा उपाय होता, पण त्यांचा जुना प्लेअर ती धड वाचत नाही. मग हिशेबाला बसलो.

साध्या, एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं ते हजाराच्या पटीत. विंडोज १०२४ ने मोजतं, म्हणून तिथे तीच जागा ४.३८ जीबी दिसते. मी सरळ बिटांत गेलो. ४७० कोटी बाइट गुणिले ८, म्हणजे ३,७६० कोटी बिट. मेनू आणि फाइलींच्या बांधणीसाठी १६० कोटी बाजूला ठेवले. उरलेल्या ३,६०० कोटींना ९,००० सेकंदांनी भागलं, तर सेकंदाला ४० लाख बिट, म्हणजे ४,००० केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट). हाच बिटरेट. (घाईत असाल तर ६०० ला मिनिटांनी भागा, उत्तर एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दहा लाख बिट असं येतं. फक्त डीव्हीडीत चित्राला ९.८ च्या वर जाता येत नाही.)

यातून आवाजाचा वाटा काढायचा. टेपवरचा आवाज तसाच, न आवळता, पीसीएममध्ये ठेवला तर १,५३६ केबीपीएस जातात आणि चित्राला जेमतेम २,४६४ उरतात. आवाज आवळून ठेवणाऱ्या एसी३ ला १९२ पुरतात. सनई-चौघडा आणि आहेराच्या गडबडीला त्याहून जास्त देण्यात मला तरी अर्थ वाटला नाही. चित्राला ३,८०० ठेवले.

पण ही सरासरी झाली. भटजी मंगलाष्टकं म्हणतात तेव्हा चौकट जवळपास स्थिर असते, एमपेग-२ ला (डीव्हीडीवर चित्र आवळण्याची पद्धत) काम कमी. अक्षता पडू लागल्या की प्रत्येक फ्रेम वेगळी, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश. एकसारखा बिटरेट दिला तर नेमके तिथेच चित्रात चौकोन दिसू लागतात. म्हणून टू-पास व्हीबीआर, म्हणजे दोन फेऱ्यांत ठरणारा बदलता बिटरेट: पहिल्या फेरीत एन्कोडर (चित्र आवळणारा प्रोग्रॅम) कुठे किती लागेल ते बघतो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटतो. कमाल ८,००० ठेवली, कारण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्याच्या वर अडखळतात.

पंगत कापली असती तर बिटरेट आणखी वाढला असता. काकूंनी साफ नकार दिला. तयार फोल्डर विंडोजमध्ये ४.३ जीबीच्या आसपास भरलं, आणि मी डिस्क कमी वेगावर बर्न करायला लावली.