दुसरी वाटी

शनिवार, ६ डिसेंबर. रात्र

तवा आणला एकदाचा. बिडाचा, सोळा खळग्यांचा. एका हाताने उचलला तर मनगट लवतं. जानेवारीत घरी जाताना बॅगेतलं बरंचसं वजन हाच खाणार. पण आईने फोनवर दोनदा बजावलंय, बाकी काही नाही आणलंस तरी चालेल, तो तवा तेवढा आण.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती ओसाकाला आली होती, तेव्हा तिला दोगुयासुजीत घेऊन गेले होते. नान्बा स्टेशनजवळची ही छप्पर घातलेली गल्ली म्हणजे हॉटेलवाल्यांची भांडेआळी. माशांच्या सुऱ्या, झारे, नूडल्स निथळायच्या जाळ्या, दारावर टांगायचे कापडी पडदे, लाल कंदील, शिवाय काचेमागे मांडायचे ते हुबेहूब खोटे पदार्थ. आई मात्र एका दुकानापुढे थांबली ती हलेचना. "अगं, हे तर आप्पेपात्र!"

ती ताकोयाकीची पात्रं होती. गव्हाच्या पिठाचे गोळे, आत अष्टपादाचा तुकडा. १९३५ मध्ये याच शहरात पहिल्यांदा झाले आणि आता ओसाकात पुष्कळ घरांत हा तवा असतो. आईने पुढच्या टपरीवर करणाऱ्याचे हात बघितले, चांगली दहा मिनिटं. आपण आप्प्याचं पीठ प्रत्येक खळग्यात मोजून घालतो. इथे पीठ अख्ख्या तव्यावर ओततात, खळगे भरून वर वाहू देतात, मग टोच्याने रेघा मारून बाहेरचं पीठ आत दुमडत दुमडत गोळा फिरवतात. म्हणून तो चेंडूसारखा गोल होतो. आईला ती दुमड फार आवडली. "हात बसलाय त्याचा," एवढंच म्हणाली. खाता मात्र आलं नाही. पिठातच माशाचा अर्क असतो, आणि आम्ही दोघी मासे खात नाही.

आज दुकानातल्या आजोबांनी विचारलं, गॅस की इंडक्शन? गॅस म्हटल्यावर हा दिला. धुऊन कोरडा कर, तेल लाव, धूर येईपर्यंत तापव, असं दोन-तीनदा करून मगच पीठ घाल. आईही बिडाच्या तव्याबद्दल शब्द न् शब्द हेच सांगते. निघताना त्यांनी इथल्या बोलीत "ओओकिनी" म्हटलं. तोक्योकडच्या गुळगुळीत "अरिगातो"पेक्षा हा आभार मला जवळचा वाटतो.

पिशवी खांद्याला लावून उत्तरेकडे चालत सुटले, सेन्निचिमाएमधून थेट दोतोनबोरीच्या कालव्यापर्यंत. शनिवारची संध्याकाळ, त्यातून डिसेंबर. एबिसुबाशी पुलावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. कठड्याशी जो तो दोन्ही हात वर करून, एक पाय उचलून फोटो काढत होता, ग्लिको या मिठाई कंपनीच्या पाटीवरच्या त्या धावणाऱ्या माणसासारखा. त्याची पहिली पाटीही १९३५ चीच. हल्लीची सहावी, २०१४ पासूनची, एलईडीची. आईनेही नऊवारीत अगदी तसाच पाय उचलला होता. तो फोटो माझ्या फ्रीजवर आहे.

हा कालवा खणायला घेतला १६१२ मध्ये, दोतोन नावाच्या माणसाने. १६१५ मध्ये ओसाकाच्या वेढ्यात तो मारला गेला आणि त्याच वर्षी नातलगांनी काम पुरं केलं. स्वतःच्या नावाच्या कालव्यात खेळलेलं पाणी त्याने पाहिलं नाही. पुलावर उभी राहिले की दर वेळी मला हे आठवतं. काठावर नंतर नाटकं आली, बाहुल्यांचे खेळ आले, आणि प्रेक्षकांना भूक लागते म्हणून ती भागवणारी दुकानं आली. आज खेकड्याच्या हलत्या नांग्या आणि पुरुषभर उंचीच्या पाट्या बघून हे सगळं पर्यटकांसाठी उभारलंय असं वाटतं, पण खाणं इथे नाटकाच्या मागून आलंय.

क्योतोचा माणूस कपड्यांपायी बुडतो, ओसाकाचा खाण्यापायी, अशी इथली म्हण. 'कुइदाओरे', खाता खाता आडवं होणं. त्याच नावाचं एक मोठं उपाहारगृह २००८ मध्ये बंद झालं, पण त्याच्या दारातला ढोल वाजवणारा पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला बाहुला लोकांनी जाऊ दिला नाही. तो अजून रस्त्यावर उभा आहे, ढोल वाजवतोय. मला तो बघून बरं वाटतं.

गर्दीतून मागे वळले आणि होझेंजी देवळाच्या बोळात शिरले. खरं तर मी तिथेच जायला निघाले होते.

देऊळ १६३७ चं. सेन्निचिमाए म्हणजे 'हजार दिवसांपुढे', ते नावही या देवळातल्या हजार दिवसांच्या नामजपावरून पडलं. मूर्ती फुदो या बौद्ध देवतेची, आणि फुदो म्हणजे न हलणारा, आपल्या संस्कृतातला अचल. पण चेहरा दिसत नाही. लोक पळीने पाणी घालतात, वर्षानुवर्षं घालताहेत, त्यामुळे अंगभर शेवाळ चढलंय, दाट, हिरवंगार. आईने "शंकर का गं?" असं विचारलं होतं. मी अचल म्हणून सांगितलं, तर तिने न बोलता पाण्याची धार धरली, घरी अभिषेकाला धरते तशी, न तुटणारी. मागचे लोक शांतपणे थांबून राहिले. आज मीही धार धरायचा प्रयत्न केला. माझी तुटली.

बोळ जेमतेम २.७ मीटर रुंद, फरसबंदी कायम ओली. २००२ मध्ये शेजारचं जुनं नाट्यगृह पाडताना आग लागली, २००३ मध्ये पुन्हा एकदा, आणि बरीच दुकानं गेली. नव्याने बांधायचं तर कायद्याने रस्ता ४ मीटर हवा. म्हणजे बोळ उरलाच नसता. लोकांनी सह्या गोळा केल्या, वाट काढली, आणि जुन्याच रुंदीवर बोळ पुन्हा उभा राहिला. समोरून कोणी आलं की अंग चोरून वाट द्यावी लागते आणि दोघंही किंचित वाकतात. चार मीटरच्या रस्त्यावर कोण कशाला वाकेल?

देवळाला लागूनच 'मेओतो झेन्झाई' हे दुकान, १८८३ पासूनचं. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड, गरम, दाट सार, त्यात तांदळाच्या पिठाचा पांढरा गोळा. मागवायचं एक, पण येतात दोन वाट्या. मेओतो म्हणजे जोडपं. सोबत चिमूटभर खारवलेलं समुद्री शेवाळ. दोन महिन्यांत या सबंध भागात आईने निःशंक मनाने खाल्लेला पदार्थ हा एकच. पहिल्या घोटाला थांबली. "वाटायच्या आधीचं पुरण," म्हणाली. "वेलदोडा राहिलाय." मग खारट शेवाळाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि मान हलवली. तिने एक वाटी घेतली, मी एक.

आज एकटी बसले. ट्रे आला, त्यात दोन वाट्या. पहिली संपवली. इथे सात वाजलेले, म्हणजे तिकडे साडेतीन, आई चहा टाकत असणार. फोन लावला.

"दुसरी निवतेय," मी म्हटलं.

"मग खा ना. टाकू नकोस. तवा घेतलास?"

"घेतला."

"जड आहे?"

"खूप."

"बरं झालं," ती म्हणाली. "हलका तवा काय कामाचा."

दुसरी वाटी खाल्ली. कोमट झाली होती, पण गोळा अजून मऊ होता. घरी येऊन तवा धुतला, पुसला, तेलाचा हात फिरवून मंद आचेवर ठेवलाय. स्वयंपाकघरात धूर भरलाय, खिडकी उघडी आहे, थंडी आत येतेय. अजून एकदा तेल लावायचंय, मग झोपते.