टिपरेंच्या अकरा कॅसेटी: पाचवी सुटली

मंडळी, मागच्या महिन्यात चौथ्या कॅसेटवर थांबलो होतो. काल रात्री पाचवी पूर्ण संगणकावर उतरली आणि चित्राची एकही फ्रेम गळली नाही. झोपच लागेना.

नव्यांसाठी थोडक्यात. बाबांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मराठी मालिका केबलवरून व्हीसीआरवर घेऊन ठेवली होती. तीन तासांच्या (ई-१८०) अकरा कॅसेटी, प्रत्येकीवर निळ्या बॉलपेननं ‘टिपरे. पुसू नये.’ वर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागची प्लॅस्टिकची चकतीही आठवणीनं तोडलेली. तरी तिसरीच्या खाचेवर कुणीतरी सेलोटेप चिकटवून क्रिकेटची मॅच घेतली. ते भाग गेले ते गेलेच.

पाचवीची हालत सगळ्यात वाईट होती. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी या कॅसेटी कूलरच्या खोलीतल्या माळ्यावर असायच्या. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर सगळं कोरडंठाक आणि त्या एका खोलीत मात्र तीन-तीन महिने खसची ओल. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी. अशी कॅसेट चुकूनही चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या टोकावर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मी ती आधी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात तीन आठवडे ठेवली, कारण ओली बुरशी पुसायला गेलं की फासली जाते, सुकली की झडते. मग इतवारीतल्या भंगारातून आणलेल्या व्हीसीआरचं झाकण उघडलं, टेपच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी शॅमॉय चामड्याची पट्टी धरली आणि तोंडाला मास्क लावून पूर्ण रीळ दोनदा पुढे-मागे फिरवलं. पट्टीवर खडूसारखी पांढरी रेघ उमटली. आई दारातून म्हणाली, “काहून एवढा जीव काढून राहिला रे त्या डब्यावर?” नंतर आबांचा, म्हणजे गंगाधर टिपरेंचा आवाज आला तशी स्वतःच खुर्ची ओढून बसली.

हेडसाठी बर्डीवरून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. कापूस वापरायचा नाही, त्याचे धागे हेडमध्ये अडकतात. भिजवलेलं चामडं हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला टेकवून धरायचं आणि ड्रम हातानं हळूच फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. ते नाजूक टोक आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये मिनिटाला १५०० फेरे घेतं, हे लक्षात असलं की हात आपोआप हलका पडतो.

खरी डोकेदुखी आवाजाची होती. वीस मिनिटांनंतर ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे. जुन्या टेपचा सिंक, म्हणजे चित्राची लय धरणारा सिग्नल, ढिला असतो, संगणकात चित्र घेणारं कॅप्चर कार्ड गोंधळून फ्रेम टाकून देतं आणि चित्र आवाजाच्या पुढे सरकतं. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, सिग्नल त्याच्यातून नेला आणि चित्र एकदम थाऱ्यावर आलं. चित्र ७२० बाय ५७६, काहीही न गमावता साठवणाऱ्या हफवायूव्ही फॉरमॅटमध्ये, तासाला साधारण तीस-पस्तीस जीबी. जागा जाते, पण आत्ता दाबून ठेवलेलं पुन्हा सुटत नाही.

आता पडद्यामागचं. हे काम करताना एकेक प्रसंग दहादा पाहावा लागतो आणि माणसं नव्यानं दिसतात. मालिका २००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर ५७ वर्षांचे होते. त्यांनी साकारलेले आबा त्यांच्याहून बरेच थोरले. मी फिल्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचे दोन अर्धे भाग, वेगळे करून सेकंदाला पन्नास चित्रं पाहतो, तर म्हातारपण केसांच्या पांढऱ्या रंगात कमी आणि हालचालीत जास्त आहे. आबा वळतात तेव्हा आधी मान, मग खांदा, पाय सगळ्यात शेवटी. याच माणसानं सत्तरच्या दशकाअखेरीस दूरदर्शनवर बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसोबत चिमणराव केला होता. दोन्ही मध्यमवर्गीय घरं आणि दोन्हीकडे तेच, पण एकाची सावलीसुद्धा दुसऱ्यावर नाही.

टिपरे मुळात त्यांच्याच लेखणीतले. ‘अनुदिनी’ हे त्यांचं लेखन, म्हणजे रोजनिशीच, मालिकेच्या मुळाशी आहे. त्यामुळे मोठं नाट्य घडत नाही, त्या दिवसापुरतं काहीतरी घडतं. मला वाटतं, वीस वर्षांनंतरही ती शिळी वाटत नाही ती यामुळेच.

आबांचा मुलगा शेखर झालेले राजन भिसे हे मराठी रंगभूमीचे मोठे नेपथ्यकार. हे कळल्यापासून मी त्यांना त्या दिवाणखान्यात वावरताना वेगळ्या नजरेनं पाहतो. रंगमंचावर इतक्या कुटुंबांची घरं उभी करणारा माणूस इथे निवांत एका घरात राहतोय. शुभांगी गोखले तेव्हा तिशीतल्या, त्यांची मुलगी सखी अजून शाळेत, आणि इथे त्या मोठ्या मुलांची आई श्यामला. त्यांचे पती, अभिनेते मोहन गोखले १९९९ मध्ये गेले होते. ते ठाऊक असताना श्यामलाचं हसणं पाहिलं की मी रेकॉर्डिंग थांबवून थोडा वेळ बसून राहतो.

दिग्दर्शक केदार शिंदे, शाहीर साबळ्यांचे नातू. ही मालिका चालू असतानाच २००२ मध्ये त्यांचं ‘सही रे सही’ हे नाटक रंगभूमीवर आलं.

तारखा लावताना एक खूण उपयोगी पडते: वाहिनीचं नाव २००५ मध्ये झी मराठी झालं, म्हणून कोपऱ्यात अल्फाचं चिन्ह असलं की रेकॉर्डिंग त्याआधीचं. पाचवीवर शेवटपर्यंत अल्फाच आहे. शेवटचा भाग मात्र आबांच्या अर्ध्या वाक्यावर तुटतो, घरची लाइट गेली होती.

सहावी आजपासून सिलिका जेलच्या डब्यात. तिच्यावर बुरशी कमी आहे, पण एका जागी टेप चुरगळलेली दिसतेय. चुरगळलेली टेप कुणी सरळ केली असेल तर कशी केली, ते नक्की सांगा. तोवर मी तिला हात लावत नाही.