चोराचं नाव आठवत नाही

दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी चौथी-पाचवीच्या पोरांना एक गोष्ट सांगते, बहुतेक वेळा चोर पकडायचीच. आमचं गाव वरुड तालुक्यात, भोवती संत्र्याचे बगीचे. त्यामुळे चोर हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आता लग्नं होऊन गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी बाजारात भेटल्या की एकच विचारतात, "मॅडम, त्या गोष्टीत चोर कोन होता, ते आमाले आठवत नाई. तुमालेई आठवत नाई म्हंता. मंग कुत्र्याचं नाव सगळ्यायले कसं आठवते?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हसून टाळायचे दिवस आता सरले.

या गोष्टी मला माझ्या मामांकडून मिळाल्या. ते नागपूरला कारकून होते. दिवाळीला येताना बर्डीवरच्या फुटपाथवरून कव्हर फाटलेली इंग्रजी पुस्तकं आणायचे आणि रात्री आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून वऱ्हाडीत सांगायचे. मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका एनिड ब्लायटन यांची पाच जणांची टोळी, म्हणजे 'फेमस फाइव्ह', मी आधी अशी ऐकली. पुढे बी.एड. करताना डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. त्या मालिकेचं पहिलं पुस्तक 1942 सालचं, एकविसावं आणि शेवटचं 1963 सालचं. एकवीस पुस्तकांत चोर, तस्कर, पळवून नेणारे किती झाले असतील! मला त्यातले दोन-तीनच आठवतात. टोळीतला कुत्रा टिमी मात्र पूर्ण आठवतो.

एक तर टिमी जातिवंत नाही. डोकं शरीराच्या मानाने मोठं, शेपूट नको तितकं लांब, कान नको तितके उभे, रंग तपकिरी. हे वर्णन केलं की आमच्या वर्गात हमखास कुणीतरी ओरडतं, "मॅडम, हा तं आमचा काळ्याच हाय, रंग सोडून!" ब्लायटनच्याच सात जणांच्या टोळीत स्कॅम्पर नावाचा सोनेरी स्पॅनियल आहे. पण स्पॅनियल म्हणजे काय ते आमच्याकडे चित्र काढून दाखवावं लागतं, आणि माझी चित्रं शेळीच्या जवळपास जातात. टिमीला चित्र लागत नाही.

दुसरं कारण आइस्क्रीमचं. पहिल्या पुस्तकात ज्युलियन, डिक आणि अ‍ॅन सुट्टीत काकांकडे जातात. तिथली चुलत बहीण जॉर्जिना स्वतःला जॉर्ज म्हणवते आणि कुणाशी धड बोलत नाही. ही तिघं आइस्क्रीम घेतात आणि तिलाही देऊ करतात. ती नको म्हणते. आवडत नाही म्हणून नव्हे. आपल्याला परत देता येणार नाही, तर घ्यायचं कशाला, असा तिचा हिशोब. मग कळतं की आईवडिलांनी टिमीला घराबाहेर काढलंय. एका कोळ्याच्या पोराकडे, आल्फकडे, तिने त्याला लपवून ठेवलाय आणि हातखर्चाचे सगळे पैसे त्याच्या खाण्यापायी आल्फला देऊन टाकते.

पुस्तकात पुढे नकाशा आहे, बुडालेलं जहाज आहे, सोनं आहे. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ते न घेतलेलं आइस्क्रीम. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं गप्प होतात. सोनं सापडतं तेव्हा नाही होत.

ब्लायटनची भलामण करायची नाही मला. माणसं बरीचशी पुठ्ठ्याची आहेत. बंगल्यात राहणाऱ्यांचं खरं आणि झोपडीतल्यावर आधी संशय, हा प्रकार फार आहे. ते भाग मी सरळ गाळते. शिवाय ते जिंजर बियर! आल्याचं सरबतच ते, पण एका पालकाने शाळेत येऊन विचारलं, "मॅडम, पोरायले बियर काऊन शिकवता?" तेव्हापासून आमच्या गोष्टीत सगळे संत्र्याचा रस पितात.

पण बारीक गोष्ट हेरायला त्या बाईने शिकवलं, हे कबूल करावं लागेल. तिच्या पाच शोधकांच्या मालिकेत, जिथे बस्टर नावाचा ठेंगणा काळा स्कॉटी कुत्रा हवालदाराच्या पोटऱ्यांमागे लागतो, पहिलीच गोष्ट जळालेल्या झोपडीची, 1943 सालची. झोपडीचा मालक म्हणतो, मी त्या वेळी गावात नव्हतो. पण बोलता बोलता त्या संध्याकाळी डोक्यावरून गेलेल्या विमानांचा उल्लेख करून बसतो. गावात नव्हता तर विमानं दिसली कशी? झालं. याच गोष्टीतली बेट्स, आठ वर्षांची, क्लूला, म्हणजे पुराव्याला, ग्लू म्हणते. मामांनी त्याचं भाषांतर केलं डिंक. आमच्या बांधावर बाभळी भरपूर, त्यामुळे आमच्या वर्गात आजही पुरावा सापडत नाही, डिंक सापडतो.

आता कुत्र्याची खरी गंमत. इतका हुशार कुत्रा गोष्टीत घेतला की लेखकाची पंचाईत होते. तो वास घेणार, गुरगुरणार आणि दहाव्या पानावर चोर पकडला जाणार. म्हणून त्याला वाटेतून दूर करावं लागतं. टोळीच्या दुसऱ्या पुस्तकात मिस्टर रोलंड नावाचे शिकवणीचे मास्तर येतात. टिमीला ते पहिल्यापासून आवडत नाहीत. मग काय, ऐन हिवाळ्यात टिमीची रवानगी अंगणातल्या खोपट्यात. आणखी कुठे त्याला मांसातून गुंगीचं औषध देतात. कुत्रा बाजूला झाला की समजावं, आता काहीतरी घडणार.

मामांनी एक मोठ्यांची गोष्टही सांगितली होती, शेरलॉक होम्सची, 1892 सालची. तबेल्यातून घोडा गेला आणि तिथला कुत्रा भुंकला नाही, म्हणजे नेणारा कुत्र्याच्या ओळखीचा. ही माझी फार लाडकी. आणि हिच्याचमुळे मी अडकले.

मी अकरा वर्षांची असेन. डिसेंबर, संत्र्याच्या अंबिया बहाराची शेवटची तोड राहिलेली. बगीच्यात जागलीला आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, असायचे आणि त्यांच्यासोबत शेरू कुत्रा. त्या रात्री आबाजींना ताप होता, ते घरीच झोपले. जागलीच्या झोपडीशी शेरू एकटा बांधलेला. सकाळी पाहिलं तर चार-पाच झाडं रिकामी, खाली नुसता पाला. शेजारच्या बगीच्यातला जागल्या म्हणाला, रात्रभर कुत्रं भुकलंच नाही.

सपरीत माणसं जमली. मी पुढे होऊन होम्सचं ऐकवलं, जरा जोरातच. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे चोर ओळखीचा!

आबाजी घोंगडीतून म्हणाले, "अवं बाई, शेरूले अख्खं गाव वळखीचं हाय. घरोघरची भाकर खाते थो. भुकते कोनावर?"

सगळे हसले. इंग्लंडातलं कुत्रं एका घरचं, आमचं साऱ्या गावाचं. तिथे एकावर संशय जातो, इथे साडेतीनशे उंबऱ्यांवर. होम्स आमच्या गावात टिकला नसता. माझी मात्र सुटका झाली असं मला वाटलं, कारण शेरू का भुंकला नाही ते मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याची भाकर घेऊन मीच गेले होते. थंडी अशी की त्याचं अंग थरथरत होतं. मी त्याला सोडला, मागच्या दाराने घरात आणला आणि रात्रभर माझ्या वाकळीत घेऊन झोपले. पहाटे पुन्हा नेऊन बांधला. लेखकांना जे करावं लागतं ते मी फुकटात करून ठेवलं होतं.

दुपारी आबाजी मागच्या खोलीत आले. ताप उतरला होता. माझी वाकळ उचलून उजेडात धरली. तिला गोखरू चिकटले होते, कुसळं टोचली होती. खोलीत झोपणाऱ्या पोरीच्या वाकळीत बगीच्यातलं गवत कुठून येणार? एकेक काढून ते तळहातावर ठेवत गेले. मी दारात उभी. सगळं काढून झाल्यावर मुठीतलं बाहेर उकिरड्यावर टाकून आले आणि वाकळीची घडी घातली.

"आज जास्त थंडी हाय," म्हणाले. "पोतं टाकजो त्याले खाली."

घरात त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मायला नाही, मामांनाही नाही. चोर कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतर कुणी शोधलंही नाही. शेरू पुढे सात वर्षं होता.

ब्लायटनबाईंचा स्वतःचा एक फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा होता, बॉब्स. शिक्षकांच्या एका नियतकालिकात त्या त्याच्या नावाने मुलांना पत्रं लिहायच्या. बॉब्स मेला तरी त्यांनी पत्रं थांबवली नाहीत. तो जिवंत असल्यासारखीच लिहीत राहिल्या. हे वाचलं तेव्हा मी शिक्षिका होऊन बरीच वर्षं झाली होती. मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. माझ्या शनिवारच्या गोष्टींत टिमीला थंडी वाजते तेव्हा त्याच्याखाली कुणीतरी पोतं टाकतं. ते मूळ पुस्तकात नाही.