मे महिन्यात ओतलेला, एप्रिलमध्ये जोडलेला ब्लॉक

माझ्याकडे 1969 ची शेव्हरोले कॅमारो आहे. तिचे मूळ इंजिन आधीच्या कोणा मालकाच्या काळातच निघून गेले होते, आणि त्या सालाला शोभेल असा जुना व्ही-आठ ब्लॉक (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा ओतीव सांगाडा) मी दोन वर्षे शोधत होतो. गेल्या हिवाळ्यात इथे मिशिगनमध्येच एका विक्रेत्याने कळवले की, त्याच्याकडे ‘झेड 28’ कॅमारोच्या 302 घनइंची इंजिनाचा अस्सल ब्लॉक आहे. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत इंजिनाला 305 घनइंचांची मर्यादा असल्यामुळे शेव्हरोलेने चार इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तीन इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेले हे इंजिन 1967 ते 1969 एवढाच काळ बनवले, म्हणून त्याला साध्या 350 घनइंची इंजिनापेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. गंमत अशी की, बोअर दोन्हींचा सारखाच आणि 1969 मध्ये काही वेळा ओतीव ब्लॉकही एकाच क्रमांकाचा. खरा फरक क्रँकचा, म्हणजे पिस्टनची धाव ठरवणाऱ्या दांड्याचा. त्यामुळे नुसता ब्लॉक विकत घेताना सगळी मदार त्यावर ठोकलेल्या अक्षरांवर असते, आणि अक्षरे कोणालाही ठोकता येतात.

विक्रेत्याच्या गॅरेजात ब्लॉक लाकडी पॅलेटवर उघडाच ठेवलेला होता. मी तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, बॅटरी, भिंग आणि बोअर गेज घेऊन गेलो होतो. प्रथम मागच्या बाजूला, जिथे गिअरबॉक्सचे बेलहाउसिंग बसते त्या कडेवर, चालकाच्या बाजूचे काजळ घासून काढले, तेव्हा 3970010 हा ओतीव क्रमांक उमटला. हा क्रमांक 1969 पासून पुढे जवळजवळ दहा वर्षे वापरात होता, म्हणून तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्याच कडेला दुसऱ्या टोकाशी ओतकामाची तारीख होती: E 6 9. पहिले अक्षर महिन्याचे, A म्हणजे जानेवारी या हिशेबाने E म्हणजे मे. मग दिवस, आणि शेवटी सालाचा फक्त शेवटचा आकडा, म्हणजे 1969 किंवा 1979. मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या फाउंड्रीत चार वर्षे काढल्यामुळे साच्यातून आलेला उठावदार आकडा मला हाताला कळतो, आणि हा आकडा निःसंशय साच्यातलाच होता.

मग पुढचा पॅड पाहिला. उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढे ब्लॉकचा जो सपाट भाग उरतो, त्यावर जोडणीची तारीख आणि इंजिनाचे सांकेतिक अक्षर ठोकलेले असते. तिथे V0411DZ असे होते: V म्हणजे फ्लिंटचा कारखाना, 0411 म्हणजे 11 एप्रिल आणि DZ म्हणजे 1969 चे 302. मी तो आकडा दोनदा वाचला. 6 मे रोजी ओतलेला ब्लॉक 11 एप्रिलला जोडला कसा गेला? शिवाय कारखान्यात डेक (हेड बसतो तो ब्लॉकचा पृष्ठभाग) ब्रोच करताना, म्हणजे दातेरी हत्याराने तासताना, पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात, त्या इथे भिंगातूनही दिसल्या नाहीत. डेक पुन्हा मशीन केल्याने त्या रेषा जातात, यात लबाडी काही नाही. पण मग त्यांच्याबरोबर मूळ अक्षरेही पुसट व्हायला हवीत. इथे अक्षरे खोल आणि ताजी होती, Z तर किंचित तिरपा बसला होता. कारखान्यात ठोकला जाणारा गाडीच्या क्रमांकाचा अंश पॅडवरही नव्हता आणि ऑइल फिल्टरजवळही नव्हता. हे सारे विक्रेत्याला शांतपणे दाखवल्यावर तो म्हणाला, “मी तर असाच विकत घेतला होता,” आणि ते खरेही असेल.

एवढे झाल्यावर ब्लॉक मात्र मला आवडला होता. मधल्या तिन्ही मेन कॅपना (क्रँक जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांना) चार-चार बोल्ट होते आणि कॅप मूळच्याच दिसत होत्या. दुसऱ्या ब्लॉकच्या कॅप बसवल्या तर लाइन बोअरिंग (सगळ्या कॅपची भोके एका रेषेत कापणे) केल्याशिवाय क्रँक नीट फिरत नाही. बोअर आधीच तीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइझ होता, आणि रिंगच्या धारेखाली वरच्या बाजूला 4.036 तर तळाला 4.031 इंच भरला, म्हणजे पाच थाउचा टेपर (निमुळतेपणा). फ्रीज प्लगच्या (ब्लॉकच्या बाजूच्या भोकांतल्या बुचांच्या) भोवती आणि वॉटर जॅकेटच्या (थंड करणारे पाणी खेळते त्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीवर मी जास्त वेळ घालवला. कोल्हापुरात पाणी गोठून ब्लॉक फुटल्याचे कधी ऐकले नव्हते. इथे एका हिवाळ्यात तेवढे पुरते.

साध्या 350 ब्लॉकच्या भावाने घेईन, आणि तोही मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधण्याची चाचणी) व सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजणारी सोनिक चाचणी झाल्यावर, असे सांगून मी परत आलो. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. चाचणीत तडा निघाला नाही आणि भिंती चाळीस थाउच्या रिबोअरला पुरेशा जाड निघाल्या. पैसे देताना मी पावतीवर ‘पॅडवरील DZ ठसा नंतरचा आहे’ असे त्याच्याच हाताने लिहून घेतले, आणि ती पावती आता गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये लावली आहे.