आमची वाटचाल: दूध संस्थेचं मशीन, तीन पायाचा आयसी आणि समोरची पार्टी

1998 ला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीच्या मागच्या गाळ्यात सुरुवात केली. प्रॉडक्ट एकच, दूध संस्थांचं कलेक्शन मशीन. काट्याचं वजन घ्यायचं, फॅटचा आकडा घ्यायचा, सभासदाच्या कोडवर नोंद करायची आणि चिठ्ठी छापायची. तेव्हा सगळेच 8051 हा कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, वापरायचे आणि रिसेटही, म्हणजे सप्लाय आला की त्याला पहिल्यापासून नीट चालू करायची सोय, सगळ्यांचं एकच, 10 एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर आणि 8.2 के (किलोओहम) चा रेझिस्टर. टेबलावर स्विच मारला की झकास चालू.

पण गावातली लाईट स्विच मारल्यासारखी येत-जात नाही. संध्याकाळी दुधाच्या टायमालाच शेतातल्या मोटारी चालू, 230 चं 140 होतं, तिथंच रेंगाळतं आणि परत वर चढतं. 5 व्होल्ट करून देणाऱ्या 7805 रेग्युलेटरला इनपुट पुरत नाही, 5 चे 3 होतात. मग कपॅसिटर सप्लायच्या मागं मागं हळूहळू खाली-वर होत राहतो आणि रिसेटच्या पिनला जो झटका बसायला पाहिजे तो बसतच नाही, सीपीयू, म्हणजे तो कंट्रोलर, झोपेत बडबडल्यासारखा मनाला येईल तो कोड चालवत सुटतो. म्हणून आम्ही लवकरच मॅक्स 810 टाकायला लागलो, सप्लायवर नजर ठेवणारा तीन पायाचा रिसेट आयसी, एम सफिक्सचा (किती व्होल्टला रिसेट द्यायचा ते या नावामागच्या अक्षरावरून ठरतं). सप्लाय 4.38 च्या खाली गेला की सीपीयूला धरून ठेवायचं, वर आला तरी कमीत कमी 140 मिलिसेकंद सोडायचं नाही, तोवर सीपीयूला ठेका (क्लॉक) देणारा क्रिस्टल पण स्थिर होतो. कपॅसिटर-रेझिस्टर चिल्लरमध्ये यायचे आणि हा आयसी महाग, त्यामुळं लाईनीतले लोक हसायचे, हसू देत.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2009 ला 3.3 व्होल्टच्या कंट्रोलरवर गेलो. इथं गंमत अशी की 5 व्होल्टात जी ऐसपैस जागा होती ती इथं उरत नाही. आमचा कंट्रोलर 3 व्होल्टच्या खाली नीट चालेल अशी गॅरंटी कंपनीच देत नाही, म्हणजे 3.3 ते 3 मध्ये 0.3 व्होल्टचीच फट आणि त्यातच रिसेट बसवायचा. 810 चाच भाऊ मॅक्स 809, त्याचा टी सफिक्स घेतला, 3.08 व्होल्टला रिसेट देणारा. फट एवढी कमी की प्रिंटरची मोटर फिरली आणि सप्लाय जरा दबला की उगाच रिसेट, म्हणून प्रिंटरला वेगळा रेग्युलेटर दिला. डिझाईन पक्कं होतं, आजही तेच आहे.

आणि मग एका डीलरनं या आयसीचं रीळ पाठवलं. लेबलवर टी, आत आर. आर म्हणजे 2.63. टेस्टिंगला सगळे बोर्ड पास, कारण टेस्टिंगला आपण स्विचच मारतो. गावात सप्लाय 2.8 वर लोंबकळला की सीपीयू बरळायचा आणि रिसेट येतोय कशाला, त्याला तर 2.63 पर्यंत सगळं ठीकच. ईईप्रॉम, म्हणजे नोंदी साठवणारी मेमरी, त्याहून आज्ञाधारक, ती अडीच व्होल्टातही बिनतक्रार लिहून घेते, त्यामुळं सीपीयू जो कचरा पाठवेल तो सभासदांच्या खात्यात. दहा दिवसांचं बिल निघायच्या तोंडावर कोड गायब, फॅट 99.9. फोन घ्यायची भीती वाटायला लागली. डीलर म्हणाला माल चेक करून घ्यायचा असतो, पैसे आजतागायत परत नाहीत.

नेमकं तेव्हाच समोरची पार्टी, म्हणजे असलीच मशीन विकणारी दुसरी कंपनी, संस्था-संस्थांत फिरायला लागली. पार्टीचं नाव लिहीत नाही, लाईनीतल्यांना कळेल. डेमो काय, तर मशीनचा स्विच खटाखट मारून दाखवायचा, बघा एकदा तरी हँग होतंय का! होणारच नाही ना, खटाखट मारल्यावर कुठलंही होत नाही. आमचे जुने ग्राहक त्याला भुलले.

फक्त कागल तालुक्यातल्या एका संस्थेचे सेक्रेटरी, आम्ही अण्णा म्हणायचो, ते म्हणाले दोन्ही मशीन माझ्यासमोर लावा. मी गाळ्यातला डिमरस्टॅट, नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, एसटीत मांडीवर घेऊन गेलो. तांब्याच्या वेटोळ्यावर कार्बन ब्रश फिरतो तो जुना, गोल, भलताच जड, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सेकंडहँड उचललेला. त्याच्यासारखा इन्स्पेक्टर नाही. टी टाकलेला आमचा बोर्ड आणि पार्टीचं मशीन एकाच डिमरस्टॅटवर जोडलं आणि नॉब इतक्या सावकाश फिरवला की चहा गार झाला. 120 च्या आसपास आमचा डिस्प्ले गप्प काळा झाला. त्यांचा सगळे आठ दाखवायला लागला, प्रिंटरनं आपोआप कागद सोडला आणि परत 230 केलं तरी आठ ते आठच. पार्टीचा माणूस म्हणाला असं कुठं असतंय, लाईट अशी जात नाही. अण्णा म्हणाले, संध्याकाळी सहाला थांब, दाखवतो. तो थांबला नाही.

तालुक्याची मोठी ऑर्डर तरीही पार्टीलाच गेली, का ते विचारू नका. अण्णांनी मात्र आमचंच मशीन ठेवलं आणि पुढचे पैसे ॲडव्हान्स दिले, त्यावर गाळ्याचं भाडं निघालं.

नवीन पोरं विचारत नाहीत तरी सांगतो. रिसेट आयसी घेताना सफिक्स भिंगाखाली बघा, आणि प्रत्येक कंपनीचं मार्किंग वेगळं असतं तेव्हा मार्किंगवरही विसंबू नका, रिळातले थोडे काढून सप्लाय हळूहळू खाली आणत सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) थ्रेशोल्ड, म्हणजे तो किती व्होल्टला रिसेट देतो ते, मोजा. 809 चा आउटपुट 1 व्होल्टच्या खाली भरवशाचा नाही, तिथं 100 के च्या रेझिस्टरनं ग्राउंडला ओढून ठेवा. ईईप्रॉमचा राईट-प्रोटेक्ट (लिहिणं रोखणारा) पिन ग्राउंडला चिकटवून मोकळे होऊ नका, पुलअप (सप्लायकडं ओढणारा रेझिस्टर) देऊन वर ठेवा आणि लिहायचं तेवढ्यापुरतंच कंट्रोलरनं खाली ओढू दे. आणि कंट्रोलरच्या आतला ब्राउनआउट (सप्लाय पडला की रिसेट देणारी सोय) आहे की म्हणणाऱ्यांनी तो किती व्होल्टला धरतो आणि आपला क्लॉक तेवढ्या व्होल्टला चालतो का, हे दोन आकडे शेजारी लिहून बघावेत.

गेल्या वर्षी त्याच पार्टीचं नवं मशीन एका संस्थेनं आमच्याकडं रिपेअरला आणलं. उघडलं तर आमच्या बोर्डावर जिथं असतो तिथंच तो तीन पायाचा आयसी, शेजारी 100 के सुद्धा. प्रिंटरचा रेग्युलेटर मात्र वेगळा केलेला नव्हता, त्यामुळंच चिठ्ठी छापताना रिसेट मारत होतं. करून दिलं, बिल पूर्ण लावलं.